काविळीचं वर्ष

"डोळं बघा ह्येचं. पिवळं धम्मक झाल्यात."

तीस वर्षं झाली, तरी बायाक्काचा तो आवाज नागेंद्रच्या कानातून उतरला नव्हता. मे महिन्याची टळटळीत दुपार होती. बेळगावहून खानापूर, खानापूरहून कुसगाळी अशा दोन बस बदलून तो घरी आला होता. खांद्यावर पत्र्याची ट्रंक आणि तोंडात एक वाक्य. ते वाक्य त्यानं खानापूरच्या स्टँडपासून घोळवत आणलं होतं. अंगणात शिरेपर्यंत त्याची चव पार गेली होती. उंबऱ्याशी ट्रंक टेकवून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात थोरली बहीण तांदळाचं सूप बाजूला सारून उठली, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि निदान करून मोकळी झाली. कावीळ.

वाक्य तोंडातच विरघळलं. मी पहिल्या पीयूसीत, म्हणजे अकरावीत, नापास झालो, एवढंच ते होतं.

मग बोलायला त्याला सवडच मिळाली नाही. बायाक्कानं बांधावरची भुईआवळी उपटून आणली, वाटून ताकातून पाजली. मीठ बंद, तेल बंद. तिचं लग्न गावातल्या गावात झालेलं, दोन घरं सोडून. सकाळी आपल्या घरची चूल पेटवायची आणि लगेच भावाच्या उशाशी येऊन बसायचं. चौथ्या दिवशी थोरला भाऊ भरमा त्याला सदलग्याकडं घेऊन गेला. तिथं चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. नागेंद्रनं परातीत हात बुडवले, म्हातारा काहीतरी पुटपुटला, आणि पाणी खरोखरच हळदीसारखं पिवळं झालं. ते बघून घटकाभर नागेंद्रलासुद्धा वाटलं, असेल बाबा.

जून उजाडला तसं गाव निकाल विचारू लागलं. त्याच्या आधी बायाक्काच उत्तर द्यायची. त्येचं वरीस काविळीनं खाल्लं. लोक चुकचुकायचे, कोणी उसाचा रस आणून द्यायचे. नागेंद्र रस प्यायचा. आपण खोटं बोललो नाही, आपल्याला कोणी विचारलंच नाही, असं तो स्वतःला सांगायचा. आणि तीस वर्षं तेच सांगत आला होता.

खरं असं होतं की गावच्या हायस्कुलातून पहिला आलेला हा मुलगा बेळगावच्या कॉलेजात दुसऱ्याच आठवड्यात मुका झाला. फिजिक्सच्या सरांनी इंग्रजीतून नाव-गाव विचारलं. प्रश्न कळला, उत्तरही ठाऊक होतं, स्वतःचं नाव कोणाला ठाऊक नसतं? पण जिभेवर आलं ते अर्धं मराठी, अर्धं काहीच नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्या दिवशी टाळूला चिकटलेली जीभ एप्रिलपर्यंत सुटली नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा गेला, डिक्शनरी उशाला घेऊन झोपला, पास झाला, गणित घेऊन बीएस्सी, मग बीएड, आणि फिरून आपल्याच शाळेत मास्तर होऊन आला. काविळीची गोष्ट मात्र घरात राहिली आणि सणासुदीला वाढत गेली. बेळगावच्या शहापूरला सोयरीक ठरवायला गेले तेव्हा बायाक्कानं ती मुलीकडच्यांनाही ऐकवली होती: पोरगा हुशार, एक वरीस तेवढं काविळीनं खाल्लं.

फक्त मंगलला, त्याच्या बायकोला, खरं माहीत होतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी त्यानं तिला सांगितलं. ती साडीची घडी घालत होती. ऐकून इतकी हसली की घडी पार विसकटली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग उसाचा रस तेवढा फुकट प्यालासा म्हणा."

आणि ती दुसऱ्या कोणाजवळ कधी बोलली नाही. हा तिचा नागेंद्रवर पहिला उपकार. दुसरा उपकार गेला महिनाभर चालला होता, आणि तो जास्त जड होता.

कुसगाळीचं सरकारी हायस्कूल माळावर, काजूच्या झाडांत. आठवी, नववी, दहावी, मराठी माध्यम. गेल्या वर्षी हेडमास्तर रिटायर झाले, नवे आले नाहीत, म्हणून नागेंद्र इनचार्ज. भरमा एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या कमिटीचा, अध्यक्ष. बायाक्का शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं बिसिऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण, शिजवणारी. पोरांच्या ताटात सांबार तिच्या हातचं. शाळा सरकारची, पण खुर्ची, सही आणि चूल एकाच घरची, असं गाव म्हणायचं आणि हसायचं. हसण्यात वाकडं काही नव्हतं. उलट त्या घरानं शाळा धरून ठेवलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा धरून ठेवणं अवघड होतं. खानापूरच्या ऑफिसात साहेबांनी "मेष्ट्रे, कूडरी" म्हणून प्रेमानं बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, की आठवीत पोरं कमी आली तर वर्ग पलीकडच्या गावाला जोडावा लागेल. पलीकडचं गाव म्हणजे दोन ओढे आणि मध्ये रान. पोरगे जातील कसेबसे. पोरी घरी बसतील. 

आणि त्याच नागेंद्रनं एप्रिलात, बेळगावला पेपर तपासायला म्हणून गेला असताना, शहरातल्या एका इंग्रजी शाळेचा आठवीचा फॉर्म भरला होता. आपल्या पोरीचा. सौम्याचा.

का भरला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. सौम्या तेरा वर्षांची आणि अखंड बोलणारी. घरात बोलायची, गोठ्यात बैलांशी बोलायची, सातवीच्या निरोपाला माईक हातात घेऊन इतकी बोलली की पाहुण्यांना बोलायला वेळ उरला नाही. तिचं बोलणं ऐकताना नागेंद्रला दर वेळी आपलं कॉलेज आठवायचं. अकरावीला हीच पोर कुठल्याशा बाकावर बसेल, कोणीतरी इंग्रजीत नाव विचारेल, आणि मागून हसू येईल. त्यापेक्षा आत्ताच जाऊ दे, मामाकडं शहापूरला राहील, जीभ अजून कोवळी आहे, वळेल. एवढा विचार करून त्यानं सही केली. पोरीला घेऊन मुलाखतीला मात्र तो गेला नाही. कोणी बघेल, या भीतीनं मंगलला पाठवलं.

बघायचं ते मालुबाईनं बघितलंच. ती शेजारीण त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडं गेली होती. संध्याकाळच्या बसनं ती गावात उतरली तेव्हा दात दुखायचा थांबला होता.

झालं. मंगल शहापूरच्या विणकरांची लेक, भावाचे वडगावात पॉवरलूम. शहरातली बाई, तिला गावची शाळा कशी चालेल? मास्तर बिचारा साधा. नळावर बोललं गेलं, दुकानात बोललं गेलं, बायाक्कानं तर समोरच ऐकवलं. जो तो मंगलला बोलायचा, आणि मंगल पदर खोचून आपलं काम करायची. ऐकून घ्यायची आणि रात्री नागेंद्रच्या ताटात कारल्याची भाजी वाढायची. महिनाभर कारलं. एकदा त्यानं हळूच विचारलं, अजून किती दिवस? ती म्हणाली, "तुमच्या पापाचा काठ माझ्या पदराला लावलासा. बरा दिसतोय. मी कशाला उसवू?"

सांगतो, सांगतो, असं तो म्हणायचा. पण गावाला कळलं की इनचार्जनंच आपली पोर बाहेर धाडली, तर बाकीची पोरं शाळेत घालील कोण? हे खरंच होतं. आणि हे खरं असल्यामुळं त्याला फार सोयीचं झालं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दाखलातीचा जाथा, म्हणजे मिरवणूक, ठरला. बैलगाडी सजवायची, कर्णा बांधायचा आणि गावभर फिरून पोरं गोळा करायची. सरकारचा हुकूम सगळ्याच शाळांना असतो, पण कुसगाळीत त्याला गावानं आपली रीत जोडली होती. आठवीला जाणारं पोर ज्या घरात असेल त्या दारात गाडी थांबते. घरची बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, पोराला कुंकू लावते, आणि घरचं थोरलं माणूस पोराचा हात हेडमास्तरांच्या हातात देऊन म्हणतं, घ्या गुर्जी, तुमच्या वटीत घातलं. गुर्जींनी म्हणायचं, माझंच हाय. मग पोर गाडीत. गाडी दारात थांबली आणि पोर न घेता गेली, असं कधी झालं नव्हतं.

म्हणून नागेंद्रनं गाडीची वाट स्वतः आखली. ऑफिसातल्या फळ्यावर खडूनं गाव काढलं: वरची गल्ली, मारुतीचं देऊळ, तळ्याची कड, दूध डेअरी आणि परत शाळा. कन्नडच्या बाई बैलहोंगलकडच्या, नव्या होत्या, पण नजर त्यांची तीक्ष्ण. सर, खालची गल्ली राहिली, म्हणाल्या. नागेंद्र म्हणाला, तिथं नळाच्या पायपाला चर मारलीय. खिडकीपलीकडं बायाक्का सुट्टीतली धूळ बसलेली पातेली घासत होती. चर परवाच बुजवली, असं तिनं आतूनच कळवलं. माती अजून बसली नाही, नागेंद्र म्हणाला.  भाऊ बायकोची अब्रू झाकतोय, असं बायाक्काला वाटलं. त्याबद्दल तिला भावाचं कौतुक आणि भावजयीचा राग, दोन्ही एकदम आलं, आणि पातेल्याचा तळ लख्ख निघाला.

वाट आखताना एका गोष्टीचा विचार मात्र गणिताच्या मास्तरानं केला नाही. बैल भरमाचे होते.

धूळवाफ पेरणीचे दिवस. पाऊस यायच्या आत कोरड्या मातीत भात पेरून घ्यायचं, त्यामुळं गावात बैलजोडी मोकळी मिळणं कठीण. अध्यक्ष म्हणून भरमानं आपली जोडी दिली खरी, पण पहाटेपासून पेरणीच्या कुरीला जुंपून आठाला सोडून दिली. घामेजलेले बैल, शिंगांना फुगे, गळ्यात घुंगरं. पाखऱ्या आणि हरण्या. कुरी सुटली की खालच्या गल्लीत दोघा भावांच्या घरी जायचं, दारच्या डोणीतलं पाणी प्यायचं, हा त्यांचा सात वर्षांचा नेम. कासरा धरायला भावकू बसला. तो शाळेचा शिपाई. सायकल छान चालवायचा.

जाथा निघाला. पुढं लेझीम, मागं गाडी, गाडीत बायाक्का आणि तिच्या मांडीशी हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पोराला वाटीभर हुग्गी. कर्ण्यातून घोषणा एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. त्या दोन्हींवर बायाक्काचा आवाज. जात्यावर बसणं सुटलं तरी तिची ओवी सुटली नव्हती.

*दारावरनं गं चालली गाडी बैलांची घुंगराची*
*बंधू माझा गं हेडमास्तर, शाळा त्येची डोंगराची*

वरच्या गल्लीत सहा पोरं मिळाली. "तुमच्या वटीत घातलं." "माझंच हाय." दर वेळी हे शब्द म्हणताना नागेंद्रचा आवाज थोडा खाली जायचा. सातव्या दारात एक म्हातारा, नातीचा हात धरून उभा. त्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. डोळे मिचकावून म्हणाला, "तुमच्याच पोरीवानी सांभाळणार न्हवं गुर्जी? मग हिलाबी बेळगावलाच धाडा की."

लेझीमवाली पोरं हसली, कन्नडच्या बाईंना अर्थ कळायला थोडा वेळ लागला, मग त्याही हसल्या. भरमानं घाईनं नात गाडीत बसवली. बायाक्कानं हुग्गी वाढली, पण ओवी बदलली. आता ती कुठं निघालीय हे नागेंद्रला पहिल्याच ओळीत कळलं.

*साऱ्या गावाच्या लेकरां बंधू वाटीतो गं पाटी*
*घरच्या मैनेला आवडं शहापूरची गं पेठी*

मारुतीच्या देवळाशी गाडी उजवीकडं वळायची होती. पाखऱ्यानं डावीकडं बघितलं, हरण्यानंही बघितलं. भावकूनं कासरा ओढला, चुचकारलं, नावं घेतली. नावं चुकीची घेतली. बैलांनी मान हलवली, आणि फुगे, घुंगरं, कर्णा, हुग्गी आणि सात पोरं घेऊन ते खालच्या गल्लीत शिरले. पुढं गेलेली लेझीम मागं फिरली. भरमा ओरडत धावला, पण वहाणेचा अंगठा तुटला. बुजवलेल्या चरीवरून चाक अलगद गेलं. माती पक्की बसली होती.

गाडी नागेंद्रच्या दारात थांबली. बैलांनी डोणीत तोंडं घातली. कर्णा म्हणत होता, आपली मुलं, आपली शाळा.

आवाज ऐकून मंगल बाहेर आली, हात ओले. तिच्यामागं सौम्या, एक वेणी घातलेली, एक सुटी. गल्ली बघता बघता भरली. नागेंद्र गाडीमागून चालत आला आणि आपल्याच दारात पाहुण्यासारखा उभा राहिला. भावकूनं कर्ण्याची पिन उपटली. बैलांच्या पाणी पिण्याचा तेवढा आवाज राहिला.

भरमा पोचला, हातात वहाण. पाणी पिऊ द्या आणि चला, म्हणाला. पण मालुबाई कट्ट्यावर आधीच बसली होती. गाडी दारात थांबली म्हणजे पोर द्यावी लागते, असं तिनं कुणाकडंही न बघता सांगितलं. मंगलनं तिच्याकडं शांतपणे पाहिलं. बैल पाणी प्यायला आलेत, म्हणाली, तुमचा दात कसा हाय आता?

गल्ली हसली. त्या हशात प्रकरण निभावून गेलंही असतं. पण बायाक्का हुग्गीचा डाव हातात घेऊन गाडीतून उतरली, आणि ती उतरली की गल्ली आपोआप गप्प होते.

तिनं मंगलला जोरात असं काही म्हटलं नाही. हळूच म्हणाली, की मंगल, मी तुला कधी परकी मानली न्हाय. वीस वरसं ह्या शाळेत मी पोरांस्नी जेवू घातलं, तवा मनात एकच होतं, एक दिस आपल्या घरची पोर त्या वळीत ताट घिऊन बसंल. तुला ह्ये ठाऊक असून तू आमच्या भावाला पेचात पाडलंस. ऑफिस त्येच्या मागं लागलंय, गाव त्येच्या तोंडावर हसतंय, आन तो तुझ्यासाठनं गाडीची वाट वाकडी करतोय.

 मंगलनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पदरानं हात पुसत राहिली, एकेक बोट.

आता भरमानं घसा साफ केला. तो बहिणीच्या बाजूनं बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं, कदाचित त्यालाही. पण म्हणाला, आक्का, तिला बोलू नको. धाड म्हणून मीच सांगितलं तिला, फॉर्मचं कळलं तवा. त्याचा मुलगा आदर्श ह्याच शाळेत शिकला, आता बेळगावात एका कारखान्यात मशीनवर असतो. साहेब इंग्रजीत काही सांगून जातो, पोरगं मान डोलावतं, आणि मग दुसऱ्याला विचारतं काय म्हणाला. फोनवर सांगताना पोरगं हसतं, पण भरमाला त्या हसण्याचा आवाज आवडत नाही.

कमिटीचा अध्यक्ष असं बोलला. गल्लीत कुजबुज उठली. तो मघाचा म्हातारा गाडीतल्या नातीकडं सरकला. बैलांइतकीच त्यालाही आता घरची ओढ लागलेली दिसली. बायाक्का भावाकडं बघतच राहिली. दोन भावांतला एक असा हातचा सुटल्यावर तिनं आपलं शेवटचं, सगळ्यात खात्रीचं कारण काढलं, जे कोणी खोडू शकणार नव्हतं.

"इंग्रजीचं मला कळत न्हाय," ती म्हणाली. "पर त्या बेळगावच्या पान्यानं माझ्या भावाचं एक वरीस खाल्लंय. ह्या हातानं भुईआवळी वाटलीया मी. पयला नंबर आलेलं पोरगं, पिवळं हून घरला आलतं. त्या पान्याला मी ह्या पोरीला धाडणार न्हाय."

गल्लीनं माना डोलावल्या. 

तेव्हा सौम्या, जी इतका वेळ गप्प होती हाच मोठा चमत्कार, आईच्या मागून पुढं आली. सुटी वेणी तिनं मुठीत धरली होती.

"आत्ती, मी पानी उकळून पिईन की," ती म्हणाली. मग बापाकडं वळली. "पर बाबा, मला कोन विचारत न्हाय म्हणून मीच विचारते. तिथं मुलाखतीत बाईंनी मला नाव विचारलं, मला सांगताच आलं न्हाय. आई म्हणाली हुईल सवय. हुती काय वो? तुमाला झालती?"

नागेंद्रनं तिच्याकडं पाहिलं. मुलाखतीचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता मंगल त्याच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं; आता काय करशील बघू, असं विचारणारं. महिनाभराचं कारलं सोपं होतं, हे तिच्या डोळ्यात बघणं जड होतं.

गाडीत सात पोरं हुग्गीच्या वाट्या धरून बसली होती. बोललो तर ह्यातली किती उतरतील, ह्याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गणित त्यानं अर्ध्यात सोडलं.

"फॉर्म मंगलनं भरला न्हाय," तो म्हणाला. "मी भरला. सही माझी हाय. तिला मी धाडलं, कारन मला तिथं कुनी बघू नये म्हणून. गेला महिनाभर तुमी तिला जे जे बोललासा, ते माझं हुतं."

मालुबाईचा हात गालावर गेला, दुखऱ्या दाताच्या बाजूला. भरमा वहाणेकडं बघू लागला. सगळ्यात आधी मंगलच बोलली. उद्यापासनं कारलं बंद, म्हणाली, आणि कोपऱ्यावरचा एक पोरगा उगाचच हसला. पण बायाक्का हसली नाही. डाव तिच्या हातात तसाच राहिला होता आणि त्यावरून हुग्गीचा थेंब हळूहळू खाली येत होता.

"का रं?" तिनं विचारलं. आवाजात भांडण उरलं नव्हतं. "तुझी शाळा. तूच शिकवतोस. तूच इथनं पयला आलतास. मग तुला का भ्या वाटलं?"

नागेंद्र दोन पावलं पुढं आला. बहिणीचे केस आता पार पांढरे झाले होते, हे त्याला इतक्या जवळून आज दिसलं. तीस वर्षांपूर्वी तिनं धरली होती ती हनुवटी त्यानं आपणहून वर केली, भर उजेडात, आणि सौम्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला.

"मला कावीळ झालीच नव्हती, आक्का. मी नापास झालतो. तिथं मला माझं नाव सांगता आलं न्हाय, म्हणून वरीसभर मी तोंडच उघडलं न्हाय. ते सांगायलाच मी त्या दिशी घरला आलतो."